जोडमूळ संख्यांची वही आणि तिचे तीन ताळे

पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही दोन आकडे पाठ होतात. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी. अशाच पाण्याच्या दिवसांत शाळा बंद होत्या आणि शेजारची सहावीतली पोर आमच्या सोप्यात वही घेऊन बसली होती. मूळ संख्या आठवून आठवून लिहीत होती. ३१, ३७, ३९, ४१, ४३. कानावर सारखे पडणारे आकडे, म्हणून ३९ सुद्धा यादीत जाऊन बसला.

मी काही बोलले नाही. शेजारी फरक लिही म्हटलं, एवढंच. तिनं लिहिलं: ६, २, २, २. पेन्सिल थांबली.

"आज्जी, दोनाम्होरं परत दोन येत न्हाई म्हणालासा की तुम्ही."

तिचा तिनंच ३९ खोडला. तेरा त्रिक एकोणचाळीस.

शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात मी २८ वर्षं रोजकीर्द आणि खतावणी लिहिली. तिथं एक गोष्ट हाडात मुरली. बेरीज करणं हे अर्धं काम, ताळा घेणं हे उरलेलं अर्धं. ताळा न घेता पान उलटायचं नाही. मूळ संख्यांचा नाद मला निवृत्तीनंतर लागला, पण वही मी त्याच शिस्तीनं ठेवते. ज्यांना हे घरी करून बघायचंय, त्यांच्यासाठी माझी पद्धत सविस्तर लिहिते आहे. चौकटीची वही, पेन्सिल आणि दोन संध्याकाळी एवढं पुरतं.

आधी शब्द पक्के करू. १ पेक्षा मोठी असून जिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानं भाग जात नाही ती मूळ संख्या. ज्या दोन मूळ संख्यांत २ चाच फरक आहे त्या जोडमूळ: ३ आणि ५, ११ आणि १३, ४१ आणि ४३. शाळेच्या पुस्तकात हे आहेच. पुस्तकात नसतं ते असं, की मूळ संख्यांमधले फरक ओळीनं लिहीत गेलं तर ती फरकांची क्रमिकाच जोड्या कुठं येणार नाहीत हे सांगायला लागते.

पहिलं काम चाळणीचं. एरॅटोस्थेनिसची चाळणी आपण शाळेत १ ते १०० चा दहा-दहाचा चौकोन आखून करतो. इथं तसं करू नका. एका ओळीत सहाच घरं आखा आणि सुरुवात १ पासून न करता २ पासून करा. पहिली ओळ: २, ३, ४, ५, ६, ७. दुसरी: ८, ९, १०, ११, १२, १३. तिसरी: १४ ते १९. समासात ओळीचा क्रमांक घाला. अशा ३३ ओळी लिहिल्या की शेवटचं घर १९९ चं येतं.

आता पहिल्या ओळीतले २ आणि ३ गोल करून ठेवा. पहिला, तिसरा आणि पाचवा रकाना सम संख्यांचा, दुसरा ३ च्या पाढ्याचा. ते चारही रकाने दुसऱ्या ओळीपासून खाली एका रेघेत कटले, पहिल्या ओळीतले ४ आणि ६ सुद्धा गेले. उरले दोनच रकाने, चौथा आणि सहावा. मी त्यांना डावा आणि उजवा म्हणते. डाव्यात ५, ११, १७, २३... आणि उजव्यात ७, १३, १९, २५... या दोघांच्या मध्ये ६ चा पाढा उभा: ६, १२, १८, २४. म्हणजे ३ आणि ५ ही एक जोडी सोडली तर प्रत्येक जोडमूळ जोडी एकाच ओळीत, ६ च्या पटीच्या अल्याड-पल्याड बसणार. राजारामपुरीत अकरावी आणि तेरावी गल्ली यांच्यामध्ये बारावी असते, तसं. आणि मधली संख्या ६ ची कितवी पट, तर जितवी ओळ तितवी. बारावी ओळ म्हणजे ७१, ७२, ७३.

डाव्या-उजव्या रकान्यांतून मग ५, ७, ११ आणि १३ यांच्या पटी खोडायच्या. १७ च्या पटी खोडायची गरज पडत नाही, कारण १७ चा वर्ग २८९ होतो आणि आपण १९९ ला थांबलोय. खोडताना पाढा दहापर्यंत म्हणून थांबू नका. एकच पट सुटली आणि माझी पहिली वही बिघडली, ते पुढं सांगते. नीट चाळलं तर १९९ पर्यंत ४६ मूळ संख्या उरतात.

दुसऱ्या पानावर तीन रकाने आखा: अनुक्रमांक, मूळ संख्या, पुढच्या संख्येशी फरक. १ ला २, फरक १. २ रा ३, फरक २. ३ रा ५, फरक २. ४ था ७, फरक ४. फरकांचा रकाना आडवा वाचला तर असा दिसतो:

१, २, २, ४, २, ४, २, ४, ६, २, ६, ४, २, ४, ६, ६, २, ६, ४, २, ६, ४, ६, ८

हे ९७ पर्यंतचे २४ फरक. जिथं २ आहे तिथं जोडमूळ जोडी. मोजा, ८ भरतील. ९७ च्या पुढं १९९ पर्यंत:

४, २, ४, २, ४, १४, ४, ६, २, १०, २, ६, ६, ४, ६, ६, २, १०, २, ४, २

यात ७ जोड्या. एकूण १५.

आता ताळे. पहिला ताळा हिशेबनीसाला सांगावा लागत नाही. अखेरची शिल्लक वजा आरंभीची शिल्लक बरोबर मधल्या सगळ्या घडामोडींची बेरीज. इथं मूळ संख्या म्हणजे शिल्लक, फरक म्हणजे घडामोड. पहिल्या २४ फरकांची बेरीज ९५ यायला हवी, कारण ९७ वजा २ म्हणजे ९५. दुसऱ्या तुकडीची १०२ यायला हवी, १९९ वजा ९७. न जुळल्यास वजाबाकी चुकली आहे. हा ताळा वजाबाकीच पकडतो, यादीत घुसलेली भलती संख्या पकडत नाही. ३९ घुसला तरी ३७ ते ४१ मधल्या ४ चे २ अधिक २ होतात आणि बेरीज तशीच राहते.

दुसरा ताळा मला सगळ्यात आवडतो. त्याचा उलगडा झाला त्या रात्री मी दिवा मालवून परत लावला आणि सगळं पान पुन्हा तपासलं.

५ पासून पुढं प्रत्येक मूळ संख्या डाव्या रकान्यात असते नाहीतर उजव्या, तिसरी जागाच नाही. फरक २ असेल तर आपण डाव्यातून उजव्यात गेलो. फरक ४ असेल तर उजव्यातून खालच्या ओळीतल्या डाव्यात आलो. फरक ६ असेल तर बाजू बदलली नाही, नुसते एक ओळ खाली उतरलो. मोठ्या फरकांना ६ नं भागून बाकी बघायची. ८ आणि १४ यांची बाकी २, म्हणून ते २ च्या जातीचे. १० ची बाकी ४, तो ४ च्या जातीचा. १२, १८ यांची बाकी शून्य, ते ६ च्या जातीचे.

डावीकडून उजवीकडं गेलेल्या माणसाला पुन्हा डावीकडून उजवीकडं जायचं तर मध्ये एकदा डावीकडं परतावंच लागतं. म्हणून ६ च्या जातीचे फरक बाजूला काढले की उरलेल्यांत २ ची जात आणि ४ ची जात आळीपाळीनं आलीच पाहिजे. वरच्या रांगेत ५ पासून बोट फिरवत जा: २, ४, २, ४, २, ४, २, ४, २, ४, २, ४, २, ४, ८, ४, २, ४, २, ४, १४, ४, २, १०, २, ४, २, १०, २, ४, २. एकदाही पाऊल चुकत नाही. ८ आणि १४ आपापल्या जागी २ चं पाऊल टाकतात, दोन्ही १० चार चं. लेझमीच्या ताफ्यात डावं-उजवं चुकलेला गडी लांबूनही ओळखू येतो, तशी इथली चूक डोळ्यांत भरते. दोनापुढं दोन येत नाही त्याचं कारण हेच. ३, ५, ७ हा एकच अपवाद, कारण २-२ च्या अंतरानं घेतलेल्या तीन संख्यांत एकीला ३ नं भाग जातोच आणि इथं ती एक खुद्द ३ आहे.

३९, ५१, ५७, ८७ अशा ३ च्या पाढ्यातल्या फसव्या संख्या हा ताळा लगेच धरतो. ५७ घालून बघा: ४३ ते ४७ चा फरक ४, मग ६, मग ५३ ते ५७ पुन्हा ४. चारामागं चार आला, पाऊल चुकलं.

पण ९१ तो धरत नाही. पहिल्या वहीत ७ गुणिले १३ ही एकच पट माझ्याकडून खोडायची राहून गेली आणि ९१ मूळ संख्या म्हणून बसला. ८९ आणि ९१ अशी जोडी तयार झाली, एकूण १६ झाल्या. बेरजेचा ताळा जुळला, कारण २ अधिक ६ म्हणजे ८ च. पावलांचा ताळाही जुळला, कारण २ आणि ८ एकाच जातीचे. दोन ताळे जुळलेलं पान मी बरोबर मानून पुढं सरकले. पुढचे सगळे अनुक्रमांक एकानं सरकले आणि त्यांवर रचलेलं सगळं पुन्हा लिहावं लागलं. तेव्हापासून तिसरा ताळा घेतल्याशिवाय जोडी शाईनं लिहीत नाही.

तिसरा ताळा ओळींच्या क्रमांकांवर चालतो, संख्यांकडं बघायचंच नाही. १ ते ३३ असे नुसते ओळींचे क्रमांक लिहा. जी मूळ संख्या जितव्या ओळीत बसते, तिच्या पाढ्यातल्या प्रत्येक आकड्यापासून तितकी घरं मागं मोजून येणारं एक घर आणि तितकीच पुढं मोजून येणारं एक घर खोडायचं. ५ पहिल्या ओळीत आहे, म्हणून ५ च्या पाढ्याच्या एक मागं, एक पुढं: ४, ६, ९, ११, १४, १६... ७ सुद्धा पहिल्या ओळीत: ६, ८, १३, १५, २०, २२, २७, २९. ११ आणि १३ दुसऱ्या ओळीत, म्हणून त्यांच्या पाढ्याच्या दोन मागं, दोन पुढं. ती संख्या स्वतः ज्या ओळीत बसली आहे ती ओळ तिच्यासाठी खोडायची नाही.

असं का? पाचव्या ओळीच्या मध्यावर ३० आहे, त्याला ५ नं भाग जातो. एक ओळ खाली उतरलं की मध्य ३६ होतो, त्याच्या डावीकडं ३५. एक ओळ वर चढलं की मध्य २४, त्याच्या उजवीकडं २५. एक ओळ म्हणजे ६, आणि ६ हा ५ पासून एकच घर लांब. ११ ला दोन ओळी लागतात, कारण दोन ओळी म्हणजे १२ आणि १२ हा ११ पासून एकच घर लांब. पुढच्या सगळ्या मूळ संख्यांना हेच लागू.

५ नं खोडल्यावर ३३ पैकी २१ ओळी उरतात. ७ आणखी ६ नेतो: ८, १३, १५, २०, २२, २७. उरल्या १५. ११ ज्या ज्या ओळीवर बोट ठेवतो त्या सगळ्या आधीच गेलेल्या असतात. १३ एकच नवी नेतो, २८ वी, कारण तिच्यात १६९ आहे, १३ चा वर्ग. शेवटी हातात राहतात:

१, २, ३, ५, ७, १०, १२, १७, १८, २३, २५, ३०, ३२, ३३

१४ ओळी, १४ जोड्या. ३ आणि ५ ची पंधरावी. फरकांच्या रकान्यातून आलेल्या १५ जोड्या आणि ओळींच्या चाळणीतून आलेल्या १५ जोड्या, दोन वेगळ्या वाटांनी आलेलं एकच उत्तर. माझा ९१ इथं सापडला: ८९ आणि ९१ ची ओळ पंधरावी, आणि १५ म्हणजे ७ दुणे १४ च्या एक पुढं. आणखी एक बघून ठेवा. पहिली ओळ सोडली तर जोडीच्या ओळीचा शेवटचा अंक १, ४, ६, ९ कधीच येत नाही. मोठी संख्या समोर आली तर हा एक नजर टाकण्याचा ताळा.

इथवर आलात की फरकांच्या क्रमिकेतून नव्या क्रमिका काढता येतात. फरक २ ज्या अनुक्रमांकांवर आहे ते लिहा:

२, ३, ५, ७, १०, १३, १७, २०, २६, २८, ३३, ३५, ४१, ४३, ४५

पहिले चार स्वतःच मूळ संख्या आहेत. मला वाटलं घबाड सापडलं, पण पाचव्यालाच १० आला. सुरुवातीच्या चार आकड्यांवरून नियम बांधू नये, निदान दहा तरी होऊ द्यावेत.

आता या क्रमिकेचे पुन्हा फरक काढा:

१, २, २, ३, ३, ४, ३, ६, २, ५, २, ६, २, २

एका जोडीपासून पुढच्या जोडीपर्यंत किती पावलं पडली, ते हे आकडे सांगतात. १ सुरुवातीला एकदाच, ३-५-७ चा. तो पुन्हा कधीच येणार नाही, हे आपण पावलांच्या ताळ्यावरून सिद्धच केलं आहे. पुढं किमान २. जिथं २ आहे तिथं दोन जोड्यांच्या मध्ये एकच फरक बसतो आणि तो ४ च्या जातीचाच असावा लागतो. आपल्या पानावर अशा ६ जागा आहेत. चार जागी मधला फरक ४ आहे: ५, ७, ११, १३; ११, १३, १७, १९; १०१, १०३, १०७, १०९; आणि १९१, १९३, १९७, १९९. दोन जागी १० आहे, १३९ नंतर आणि १८१ नंतर. ओळींची यादी शेजारी ठेवून बघा, मधला फरक ४ असला की ओळी लागोपाठच्या (१७, १८), १० असला की एक ओळ सोडून (२३, २५). कोणता फरक कोणत्या ओळींना जुळतो हे पोरांना स्वतः शोधू द्या. सांगून टाकलं तर त्यातला सगळा जीव जातो.

वहीतल्या क्रमिका बाहेर पडताळायच्या असतील तर पूर्णांक क्रमिकांचा ऑनलाइन ज्ञानकोश आहे. नील स्लोन यांनी १९६४ साली विद्यार्थी असताना क्रमिका जमवायला सुरुवात केली, १९९६ साली तो संग्रह इंटरनेटवर आला. आपले दहा-बारा आकडे स्वल्पविराम देऊन टाकले की क्रमिका समोर येते. मूळ संख्यांच्या फरकांची क्रमिका तिथं ए००१२२३ आणि आपल्या ओळींची ए००२८२२ या क्रमांकानं आहे. पण आधी वही, मग पडताळा. मोबाइलवरच्या तक्त्यात वजाबाकी एका सूत्रात खालपर्यंत ओढता येते, हजारच्या पुढं जायचं तर तसंच करा. हजाराच्या आत १६८ मूळ संख्या आणि ३५ जोड्या भरल्या पाहिजेत.

ताळ्याचं मोल किती, याचा दाखला जोडमूळ संख्यांनीच दिलेला आहे. १९१९ साली विगो ब्रून यांनी सिद्ध केलं की सगळ्या जोडमूळ संख्यांचे व्यस्त, म्हणजे १ भागिले ती संख्या, मिळवत गेलं तरी बेरीज एका मर्यादेच्या पलीकडं जात नाही. ती सुमारे १.९०२ आहे. अमेरिकेतले प्राध्यापक थॉमस नाइसली १९९४ साली ही बेरीज संगणकावर काढत होते. पेंटियम चिपच्या नव्या संगणकावरचं उत्तर जुन्या यंत्रांशी जुळेना. ते चूक शोधत शोधत ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३ या जोडीपर्यंत पोचले. तिचे व्यस्त चुकीचे येत होते. दोष चिपच्या भागाकारात होता. इंटेलला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि ४७.५ कोटी डॉलरचा खर्च सोसावा लागला. हीच जोडी आपल्या वहीच्या रीतीनं बघा. मधली संख्या ८२४६३३७०२४४२, तिला ६ नं भागलं की १३७४३८९५०४०७. शेवटचा अंक ७, म्हणजे ५ ला ही ओळ खोडता येत नाही. ७ नं भागून बाकी ३ उरते, १ किंवा ६ नाही, म्हणजे ७ लाही खोडता येत नाही. एवढी मोठी जोडी, पण तिच्यावर आपल्या सोप्यात बसून दोन ताळे घेता येतात.

जोड्या अनंत आहेत का, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. प्रत्येक सम फरक अनंत वेळा येत असावा असं पोलिन्याक यांनी १८४९ साली मांडलं. २०१३ साली यितांग झांग यांनी दाखवलं की ७ कोटींच्या आतला निदान एक फरक तरी अनंत वेळा येतो, आणि पुढच्या वर्षी अनेक गणितज्ञांनी मिळून ती मर्यादा २४६ वर आणली. २४६ पासून २ पर्यंतची वाट बाकी आहे.

तुमचं दुसरं पान ३४ व्या ओळीपासून ६६ व्या ओळीपर्यंत, म्हणजे ३९७ पर्यंत. इथं १७ आणि १९ पण लागतील, दोघेही तिसऱ्या ओळीतले, म्हणून पाढ्याच्या तीन मागं, तीन पुढं. १७ एकच नवी ओळ नेईल, ६५ वी. १९ पण एकच, ६० वी. उरतील ३८, ४०, ४५, ४७, ५२, ५८. शेजारची पोर इथवर आली आणि पुढच्या पानावर ६७, ६८, ६९ पण खोडून झाल्यावर म्हणाली, "संपल्या की ओ जोड्या." अकरा ओळी सलग कोऱ्या. मी तिला सत्तरावी ओळ तपासायला लावली. ४१९ ला तिनं १९ पर्यंतच्या एकेका मूळ संख्येनं भागून बघितलं, मग ४२१ ला. एकानंही भाग जाईना. तिनं दोन्ही गोल केले आणि न सांगता समासात ७० लिहिलं.